लुंबिनीला निघण्यापूर्वी



दिवाळीची सुट्टी जवळ आली की वस्त्यावस्त्यांतून बौद्ध स्थळांच्या सहलींची पत्रके फिरू लागतात. बोधगया, सारनाथ, कुशिनगर, श्रावस्ती आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘परदेश – लुंबिनी (नेपाळ)’. हा ‘परदेश’ शब्द वाचला की आपली साधी माणसे बिचकतात आणि सहल काढणारा जो आकडा सांगेल तो मुकाट्याने देतात. आमच्या भागात आलेल्या एका पत्रकात तर माणशी ‘व्हिसा व परवाना खर्च’ वेगळा लावला होता. मी हिशेबाचा माणूस, म्हणून खडा सवाल केला, हा व्हिसा कुठल्या कचेरीत निघतो? उत्तर आले नाही.

कारण असा व्हिसा नाहीच. भारतीय नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. 1950 साली दोन्ही देशांत झालेल्या करारापासून ही ये-जा खुली आहे. पायी सीमा ओलांडणाऱ्या भारतीयाला कसला परवानाही काढावा लागत नाही. तेव्हा व्हिसाच्या नावाने कोणी पैसे मागितले तर पावती मागा, गडी आपोआप गप्प होईल.

व्हिसा नको, पण ओळखीचा कागद हवाच, आणि नेमके इथेच आपले लोक अडकतात. आज घरोघरी असा समज आहे की आधारकार्ड असले म्हणजे जग जिंकले. नेपाळच्या प्रवासाला तसे नाही. 15 ते 65 वर्षे वयाच्या माणसाला चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र, या दोहोंपैकी एक लागते. आधार चालते ते फक्त 65 वर्षांवरील वृद्धांना आणि 15 वर्षांखालील मुलांना. तीही सोय 2019 मध्ये झाली. 15 ते 18 वयाच्या मुलामुलींना मतदार ओळखपत्र मिळत नाही. पासपोर्ट नसेल तर त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरलेल्या नमुन्यात ओळखीचा दाखला घ्यावा. एकत्र जाणाऱ्या कुटुंबाला मात्र सवलत आहे. नवरा, बायको, अज्ञान मुले, आईवडील असे सोबत असतील आणि त्यांतल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर बाकीच्यांना फोटो असलेला आणि नाते सिद्ध करणारा दुसरा कागद चालतो. रेशनकार्ड, वाहन परवाना, शाळा-कॉलेजचे ओळखपत्र असे काहीही.

आता कोणी म्हणेल, सोनौलीच्या नाक्यावर पायी जाणाऱ्याला कोण विचारतो? खरे आहे, पुष्कळदा कोणी विचारत नाही. पण ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी काय? आमच्या विहारातून एक गट गेला होता, त्यात धुणीभांडी करून भिशीच्या पैशांतून निघालेल्या एक मावशी होत्या, वय 58. गट नेणाऱ्याने सांगितले, आधार घ्या, बस्स झाले. जाताना काहीच अडले नाही. येताना मात्र तपासणी कडक होती. मावशींना बाजूला बसवले ते दोन तास. सोबतचे लोक चहा पीत उभे, आणि ही बाई एकटी बाकावर, आपण काही गुन्हा केला की काय अशा चेहऱ्याने. मतदार ओळखपत्र त्यांच्याकडे होते, पण ते घरी ट्रंकेत! शेवटी मुलाने त्याचा फोटो मोबाईलवर पाठवला तेव्हा सुटका झाली. एवढ्या कष्टाने केलेल्या यात्रेची आठवण म्हणून त्या आता लुंबिनीऐवजी तो बाक सांगतात.

याहून वाईट प्रकार घरातच घडतो. बायकोच्या ओळखपत्रावर अजून माहेरचे आडनाव, रेशनकार्डावर सासरचे, आधारवर तिसरेच स्पेलिंग. मग निघायच्या आठवड्यात नवरा म्हणतो, “तू पुढच्या वर्षी ये.” ते पुढचे वर्ष येत नाही, हे आपल्या भगिनींना मी काय सांगावे! म्हणून सहलीचे पैसे भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे कागद जमिनीवर मांडून ताडून पाहा. मतदार ओळखपत्रातील नाव, पत्ता, फोटो दुरुस्त करायला नमुना 8 भरावा लागतो. यादीत नावच नसेल तर नमुना 6. आपल्या भागातील बीएलओकडे, बहुधा त्या अंगणवाडीताई किंवा शाळेतील गुरुजी असतात, हे अर्ज देता येतात. कार्ड हातात यायला आठवडे लागतात, तेव्हा निदान तीन महिने आधी सुरुवात करा. पुढे श्रीलंका किंवा थायलंडला जायचा विचार असेल तर सरळ पासपोर्टच काढावा. 36 पानी साध्या पासपोर्टचे सरकारी शुल्क 1500 रुपये आहे. प्रवासात मूळ कागद जवळ आणि झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. विमानाने काठमांडूला जाणाऱ्यांना तर यात सूट नाहीच, कागद पाहिल्याशिवाय विमानात बसवत नाहीत.

आता वाट. मुंबईहून गोरखपूरला जाणारी कुशीनगर एक्स्प्रेस आपल्या लोकांना माहीत आहेच. ती नाशिक, भुसावळवरून जाते. नागपूरकरांना राप्तीसागर एक्स्प्रेस आहे. आरक्षण आता प्रवासाच्या 60 दिवस आधी सुरू होते (पूर्वी 120 दिवस होते, 2024 च्या नोव्हेंबरपासून बदलले), तेव्हा तारीख लक्षात ठेवा. रेल्वेने ज्येष्ठांच्या तिकिटावरील सवलत 2020 च्या मार्चमध्ये बंद केली, म्हणून आजी-आजोबांचे तिकीट जुन्या आठवणीवर धरू नका. गोरखपूर स्टेशनजवळून सोनौलीला सरकारी बसगाड्या सुटतात, अंतर सुमारे 100 किलोमीटर, तीन तास धरावेत. सोनौलीला उतरून पायीच कमान ओलांडायची, की पलीकडे बेलहिया. तिथून भैरहवा (सरकारी नाव सिद्धार्थनगर) चार किलोमीटर आणि भैरहव्याहून लुंबिनी आणखी वीस-बावीस. सात-आठ जण असाल तर जीप करणे परवडते. दोघे-तिघे असाल तर लोकल बस बरी.

स्वतःची बस घेऊन जाणाऱ्या मंडळांनी एक गोष्ट आधी कागदावर घ्यावी. माणसांना परवाना नाही, पण गाडीला आहे. सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकातीची पावती दिवसांच्या हिशेबाने काढावी लागते आणि वाहतुकीचा परवाना वेगळा. हा खर्च बसमालकाचा की मंडळाचा, हे बस ठरवतानाच लिहून घ्या. नाहीतर सोनौलीत पन्नास माणसे उन्हात आणि ड्रायव्हर-सेक्रेटरीचे भांडण, हा देखावा ठरलेला.

सीमा ओलांडली की घड्याळ 15 मिनिटे पुढे करा. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे. हसू नका, संध्याकाळची शेवटची बस याच पाव तासाने चुकते. साप्ताहिक सुट्टी तिथे शनिवारी असते. कॅलेंडर विक्रम संवताचे, त्यामुळे पावतीवर आपल्यापेक्षा सुमारे 57 वर्षे पुढचे साल दिसले तर दुकानदार वेडा आहे असे समजू नका. मात्र नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, म्हणून आपल्या चौथी शिकलेल्या आईलाही तिथल्या पाट्या वाचता येतात. परदेशात पाटी वाचता येण्याचा हा आनंद फार थोड्या ठिकाणी मिळतो. तराई भागात हिंदी सगळ्यांना कळते.

पैशाचा हिशेब जरा नीट समजून घ्या. भारतीय 100 रुपयांचे नेपाळी 160 रुपये, हा दर वर्षानुवर्षे बांधलेला आहे. नेपाळी किमतीला पाचाने गुणून आठाने भागले की आपले रुपये निघतात. 800 नेपाळी म्हणजे आपले 500. बाजारात भाव सांगताना ‘आयसी’ म्हणजे भारतीय आणि ‘एनसी’ म्हणजे नेपाळी असे बोलतात. रिक्षावाला ‘दोनशे’ म्हणाला तर आधी विचारा, आयसी की एनसी? उतरताना विचारलेत तर उत्तर ‘आयसी’च येणार! नेपाळने 2018 च्या डिसेंबरात शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. हे नियम सरकारे बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करा. पण शंभराच्या नोटांचे बंडल जवळ असले की कुठेच अडत नाही. मोबाईलवरून पैसे देण्याची आपली सोय 2024 पासून तिथल्या काही दुकानांत सुरू झाली, तिच्यावर विसंबून मात्र जाऊ नये, कारण रोमिंग नसेल तर आपला मोबाईल तिथे मुकाच राहतो. उरलेले नेपाळी पैसे सीमेवरच बदलून या.

लुंबिनीचा परिसर लांबच लांब आहे. जपानी वास्तुशिल्पी केन्झो तांगे यांनी 1978 मध्ये पूर्ण केलेल्या आराखड्याप्रमाणे तो उभा राहिला. सुमारे पावणेपाच किलोमीटर लांब, मधून कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायानी. म्यानमार, थायलंड, श्रीलंका, चीन, कोरिया, सारे बौद्ध जग एका कालव्याच्या दोन काठांवर. गुडघेदुखीच्या माणसांना पायी फिरवू नका, ई-रिक्षा मिळते. मुक्कामाला काही विहारांत सोय होते. कोरियन विहारात राहणे आणि साधे जेवण असे दोन्ही ठरलेल्या दरात मिळते. तिथे जेवणाची वेळ काटेकोर, आणि आपले ताट आपणच धुवायचे. ज्यांना हे कमीपणाचे वाटते त्यांनी हॉटेल पाहावे.

मायादेवी विहाराच्या आवारात तिकीट आहे, आणि दक्षिण आशियाई देशांच्या लोकांना दर वेगळा, म्हणून इथेही ओळखपत्र जवळ ठेवा. आत चप्पल-बूट नाहीत. फरशी तापते तेव्हा म्हाताऱ्यांसाठी पायमोजे न्या. आत फोटो काढायला मनाई आहे. जुन्या विटांच्या पायावरून लाकडी वाट केली आहे, खाली काचेआड जन्मस्थान दाखवणारी शिळा दिसते. रांगेत थांबून लेकरांना ती नीट दाखवा, ढकलाढकली करून पुढे पळू नका.

बाहेर आलात की सम्राट अशोकाचा स्तंभ. त्यावरील ब्राह्मी लेख 1896 मध्ये सापडला आणि हीच ती जागा हे जगाला निश्चित कळले. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी राजा स्वतः इथे आला, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून पूजा केली, दगडी स्तंभ उभारला, असे त्यात आहे. आणि शेवटी आम्हा कारकुनांना आवडेल असे एक वाक्य आहे: लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि पिकाचा आठवा हिस्सा तेवढा ठेवला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाने तथागतांच्या गावाला दिलेली ही सवलत त्या दगडावर आजही वाचता येते. तिथे पुष्कळ गट पाच मिनिटांत फोटो काढून निघून जातात. निदान अर्धा तास बसा आणि कोणीतरी लेखाचा अर्थ मोठ्याने वाचून दाखवा.

एक दिवस जास्त असेल तर तिलौराकोट पाहा, लुंबिनीपासून पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटर. तेच प्राचीन कपिलवस्तू असे नेपाळ मानते, आणि आपल्याकडे पिपरहवाचा दावा सांगतात. बुद्ध कोणाचे यावर तिथे चहाच्या टपरीवर वाद घालू नका. गाड्यांवर, बनियनवर ‘बुद्ध नेपाळात जन्मले’ असे लिहिलेले दिसेल, ते त्यांचे रास्त अभिमानाचे बोल आहेत. “नेपाळ म्हणजे आपलेच की” असे आपुलकीने म्हटले तरी त्यांना लागते. तो स्वतंत्र देश आहे, आपण पाहुणे आहोत. बाबासाहेबही नोव्हेंबर 1956 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले ते पाहुणे म्हणूनच, आणि तब्येत साथ देत नसताना तिथे त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले.

जाण्याचा काळ ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर किंवा मग फेब्रुवारी-मार्च. डिसेंबर-जानेवारीत तराईत दाट धुके पडते आणि रेल्वे दहा-दहा तास रखडते. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेचा सोहळा मोठा, पण ऊन असह्य आणि मुक्कामाला जागा नाही. डास बारा महिने आहेत. रोजच्या गोळ्या चिठ्ठीसकट न्या. 2025 च्या सप्टेंबरात काठमांडूत आंदोलन भडकले तेव्हा विमानतळ बंद झाला होता आणि प्रवासी अडकले, म्हणून दोन दिवसांचा जादा खर्च वेगळा शिवून ठेवावा. नेपाळ पोलिसांचा क्रमांक 100, पर्यटक पोलिसांचा 1144. हे दोन्ही आजीच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि त्याखाली गटातल्या दोघांची नावे व नेपाळी सिमचे नंबर.