मदरबोर्ड गेला, म्हणे!

मी बँकेत चिकटलो तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी पहिल्याच आठवड्यात एक विद्या शिकवली. हिशेब जुळला नाही, तर आधी फरक पाहायचा. फरकाला नऊनं पुरता भाग गेला, तर कुणीतरी ७२ च्या जागी २७ लिहिलेत असा संशय घ्यायचा. दोननं भाग गेला, तर निम्मी रक्कम शोधायची. ती बहुधा नावेऐवजी जमेत जाऊन बसलेली असते. रात्रीचे नऊ वाजले तरी फरक शोधायचा. ‘फरक आला? मग खातेवहीच नवी घ्या!’ असं त्यांनी कधीही सांगितलं नाही.

लॅपटॉप दुरुस्त करणारे मात्र नेमकं हेच सांगतात. माझं त्यांच्याशी भांडण आहे ते इथं.

आमचा लॅपटॉप २०१८ सालचा. बेचाळीस हजारांचा. एका रविवारी त्यानं मौन धरलं. बटण दाबलं की दिवा लागे, पंखा घरघरे, पण पडदा काळा ठिक्कर. सौ.नी ‘सारखं त्यावर पत्ते खेळायचे, मग दुसरं काय होणार!’ असं निदान केलं. चिरंजीवांनी चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आत अडकून राहिलेली वीज उतरते म्हणे. ती उतरली असावी, लॅपटॉप मात्र उठला नाही. मग त्यांनी बॅटरीचा उजेड पडद्यावर तिरका पाडून पाहिला. नुसता मागचा प्रकाश गेला असेल, तर चित्र अंधुक दिसतं. दिसलं नाही. टीव्हीला जोडून पाहिला, तिथंही अंधार. एवढं मात्र कळलं, की बिचाऱ्या पडद्याचा दोष नव्हता. शिवाय कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक लयीत मिचकत होता.

हे सगळं मी एका चिठ्ठीवर लिहून सेवाकेंद्रात नेलं. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं चिठ्ठी वाचली नाही. नुसतं पाहण्याचे साडेसातशे घेतले आणि तिसऱ्या दिवशी फोन केला, ‘‘सर, मदरबोर्ड गेला.’’ कुणी आप्त गेल्याचं सांगावं तशा आवाजात. नवा मदरबोर्ड साडेअठ्ठावीस हजार. ‘‘त्यापेक्षा सर, नवीनच घ्या ना. आणि डेटाची जबाबदारी आमची नाही.’’

या शेवटच्या वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला. कारण डेटा म्हणजे अण्णा होते. २०२० च्या टाळेबंदीत वडिलांना घरात बसून कंटाळा येई, म्हणून रोज दुपारी मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवून जुन्या गोष्टी सांगायला लावत असे. गिरगावातली चाळ, पहिला पगार, आजीची भांडणं. अण्णा २०२२ मध्ये गेले. मी रोज लोकांचे पैसे दोनदा मोजतो. पण या गोष्टींची दुसरी प्रत काढलेली नव्हती. ही चूक माझी, ती मी नावे टाकतो.

आता हिशेब ऐका. धंद्यातल्या संगणकावर आयकरात चाळीस टक्के घसारा मिळतो. त्या दरानं सात वर्षांत माझ्या बेचाळीस हजारांचे उरतात पावणेबाराशे. ‘वसूल झाला की हो!’ म्हणणाऱ्या माझ्या तमाम मित्रांचं गणित बरोबर आहे. पण अण्णांच्या आवाजावर घसारा कुठल्या दरानं लावायचा, हे बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी रजा टाकून डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोड गाठला. एका जिन्याखालच्या गाळ्यात एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांनी माझी चिठ्ठी वाचली! अहो, दोनदा वाचली. ‘‘दिवा मिचकतोय म्हणजे तो बोलतोय साहेब. मेमरी सापडत नाही, असं सांगत असणार.’’ तळाचे स्क्रू काढले, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवली, मेमरीची बोटभर पट्टी उपसली आणि तिच्या सोनेरी कडा शाळकरी खोडरबरानं घासल्या. त्या कडांवर मळाचा पातळ थर बसला, की पट्टी जागेवर असून नसल्यासारखी. पट्टी परत बसवली, बटण दाबलं. पडदा उजळला. तीनशे रुपये.

‘‘आणि मदरबोर्ड खरंच गेला असता तर?’’ मी विचारलं.

‘‘तरी तुमची डिस्क वेगळी आहे की. चार स्क्रू. काढून दुसऱ्या यंत्राला लावली असती.’’

म्हणजे तीन दिवस मी ज्या सुतकात होतो, ते सुतकच खोटं! मदरबोर्ड खरेच जातात, नाही असं नाही. पण यंत्र जाणं आणि यंत्रातलं जाणं यांत फरक आहे, एवढं साडेसातशे रुपयांत सांगता येत नाही? दुरुस्तीचा हक्क म्हणून सरकारनं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला संकेतस्थळही सुरू केलं. उत्तमच. पण इकडे कित्येक नव्या लॅपटॉपांत मेमरी थेट बोर्डावरच डाखलेली असते. तिथं खोडरबर कुठं घासणार? हक्क आहे, पण स्क्रू नाही, अशातली गत.

घरी येऊन पहिली ध्वनिफीत लावली. ‘‘चालू झालं का रे हे?’’ अण्णांनी विचारलं. सौ. स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आल्या.

मग दोन पेनड्राइव्ह आणले. एक कपाटात ठेवला, दुसरा आमच्याच बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकरचं भाडं मॅनेजरसाहेबांनी पूर्ण घेतलं.