सगळ्या काचबिंदूंना एकच लेझर नाही


‘मोतीबिंदू काढतानाच लेझर मारून घ्या, काचबिंदूचे थेंब कायमचे सुटतात’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला सरसकट देण्याजोगा नाही. काचबिंदू कोणता, हे आधी ठरायला हवे. डोळ्यातील पाण्याच्या निचऱ्याचा कोन बंद होतो त्या प्रकारात फुगलेले भिंगच बुबुळाचा रंगीत पडदा पुढे ढकलते. ते काढून पातळ कृत्रिम भिंग बसवले की कोन बऱ्याचदा मोकळा होतो. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘ईगल’ चाचणीत तर मोतीबिंदू नसतानाही भिंग काढणे हे लेझरने पडद्याला छिद्र पाडण्यापेक्षा सरस ठरले.

खुल्या कोनाच्या काचबिंदूसाठीचे एसएलटी नावाचे लेझर बाह्यरुग्ण विभागात, बसल्या जागी होते. त्यासाठी ऑपरेशनपर्यंत थांबायचे कशाला? ऑपरेशनच्या टेबलावर डोळ्याच्या आत करतात ते लेझर निराळे. ते डोळ्यातील पाणी तयार करणाऱ्या पेशी शेकते, आणि नंतर सूजही येऊ शकते. पत्रलेखक म्हणतात तशी त्यांची नजर ‘उजळली’ ती मोतीबिंदू गेल्यामुळे. काचबिंदूने गेलेली नजर कोणतेही लेझर परत आणत नाही.

वाचकांनी थेंब परस्पर बंद करू नयेत, आणि ऑपरेशनआधी कोनाची तपासणी, म्हणजे गोनिओस्कोपी, झाली का हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

— एक वाचक, सातारा