पन्नीला जात नसते, उकिरड्याला असते

"पन्नी जाळली की संपली," असं अड्याळच काय, पवनी तालुक्यातल्या कुठल्याही गावात सहज बोललं जातं. संपत काहीच नाही. पन्नी म्हणजे पॉलिइथिलीन, इथिलीन वायूचे हजारो रेणू जोडून केलेली कार्बनची लांबच लांब साखळी. ती तोडणं मातीतल्या जिवाणूंना जवळजवळ जमतच नाही, म्हणून पन्नी कुजत नाही. उन्हाने ठिसूळ होते, तुकडे पडतात, तुकड्यांचे कण होतात आणि पावसासोबत धानाच्या बांधीत उतरतात.

आणि उकिरड्यात नुसती पन्नी असते का? वायरीचं आवरण, फुटके पाईप म्हणजे पीव्हीसी. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन. असा ढीग रात्रभर धुमसला की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन हवेत सुटतात. डायॉक्सिनने कर्करोग होतो.

हा धूर कोणाच्या घरात शिरतो? इथे रसायनशास्त्र संपतं आणि गावकुसाचा प्रश्न सुरू होतो. अड्याळच्या तरुणांनो, एक दिवस वही घेऊन फिरा. कचरा कुठे पडतो, कुठे पेटतो, त्याला लागून कोणाची घरं आहेत, सगळं लिहून काढा. बाकीच्या गावांतल्या पोरांनीही हेच करावं.

वरचे लोक म्हणतात, "लोकांना शिस्त नाही." निव्वळ कांगावा! चिप्सचं पाकीट घ्या. प्लास्टिकचे वेगवेगळे थर, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला पाण्याची बाटली उचलतो आणि पाकीट तिथेच सोडतो. २०१६ च्या केंद्राच्या नियमांत पुनर्वापर न होणारं असं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं ठरलं होतं. मुदत संपत आली आणि मार्च २०१८ मध्ये नियमच बदलला: जाळून ऊर्जा मिळत असेल किंवा दुसरा काही उपयोग होत असेल, तर चालेल. त्याच महिन्यात, २३ मार्चला, महाराष्ट्राने पन्नी आणि थर्माकोलवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. कारखान्यातून पॅक होऊन येणारं पाकीट सुटलं, हातगाडीवाला सापडला. शिस्त नेमकी कोणाला लावली?

मग हा कचरा वेचतं कोण? पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. संघटित झाल्या म्हणून त्यांना ओळखपत्रं मिळाली, पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. आपल्याकडे बोरी घेऊन फिरणाऱ्या बाईच्या हातात साधे हातमोजेही नसतात. जातीने लादलेलं काम आता 'पर्यावरण रक्षण' म्हणून गौरवलं जातंय, एवढाच काय तो फरक.

आपल्या लोकांनाही विचारायला हवं. १४ एप्रिलच्या भोजनदानात थर्माकोलच्या पत्रावळी कशाला? भंडाऱ्यात पळसाची पानं कमी पडली का? आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते मैदान कोण झाडतं, तेही बघून ठेवा.

आता मुद्द्याचं. २०२१-२२ पासून १५ व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ३० टक्के हिस्सा स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. येत्या ग्रामसभेत वही घेऊन जा. तो पैसा किती आला, कशावर खर्च झाला, कचरा वेगळा करायची शेड कुठे आहे, हे लेखी मागा. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका.

जयभीम.