नौकाक्रीडा आणि आपण

पुण्यास मुळा-मुठेच्या संगमानजीक असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘रेगाटा’ हा नौकोत्सव १९२८ सालीं सुरू झाला. विद्यार्थ्यांचे नानाविध वेष, मशालींचा झगझगाट आणि एका तालांत पडणारीं वल्हीं पाहून काठावरील मंडळी टाळ्यांचा कडकडाट करितात. परंतु त्या शोभेमागें कितीएक दिवसांचा अभ्यास असतो, हें किती जणांच्या ध्यानीं येतें?

आमच्या देवळाली प्रवरेस प्रवरेचें पाणी कालव्यानें येतें. तरी ‘पाण्याजवळ जाऊं नको’ एवढेंच पुष्कळ घरीं मुलांस सांगतात. आमच्या मतें नुसता धाक हें रक्षण नव्हे. पालकहो, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं मुलांमुलींस पोहावयास शिकवा. विद्यार्थीमित्रहो, टाळ्या वाजविणें सोपें आहे; वल्हें हातीं धरण्याची पात्रता मिळवा.