भूमीच्या अंतरंगाचा नकाशा

पावसाळ्याची चाहूल लागली की अनेक संस्था, शाळा आणि तरुण मंडळे वृक्षारोपणासाठी मोकळी जागा शोधू लागतात. हेतू निर्मळ असतो. डोंगरमाथ्यावरील खडकाळ सडा पाहिला की तो हिरवा करावा, असे कोणाही सहृदय माणसास वाटते. परंतु ती भूमी खरोखर उजाड आहे काय, हे खड्डे खणण्यापूर्वी तपासले पाहिजे. त्यासाठी भूवैज्ञानिक नकाशा फार उपयोगी पडतो.

सामान्य नकाशा गावे, रस्ते आणि नद्या दाखवितो. भूवैज्ञानिक नकाशा त्यांच्याखाली कोणता खडक आहे हे सांगतो. प्रत्येक खडकास स्वतंत्र रंग वा खूण असते. खडकांच्या सीमा आणि भूभ्रंश रेषांनी दाखविलेले असतात, तर कडेच्या सूचीत खडकांची नावे वयाच्या क्रमाने दिलेली असतात. आपल्या देशात १८५१ मध्ये स्थापन झालेली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था असे नकाशे तयार करते.

पश्चिम महाराष्ट्राच्या नकाशावर बहुतेक ठिकाणी एकच खडक दिसतो. तो म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला काळा बेसाल्ट. मात्र सह्याद्रीच्या काही उंच माथ्यांवर लहान बेटांसारखा जांभा आढळतो. साताऱ्याजवळील कासचे पठार हे त्यांपैकीच एक. दीर्घकाळच्या ऊन-पावसाने बेसाल्ट झिजला, त्यातील चुना, मॅग्नेशियम, पोटॅश व सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. हाच जांभा.

कासची वनस्पतिसृष्टी अशी का, याचे बरेचसे उत्तर या खडकात आहे. येथील माती अगदी पातळ आणि पोषणद्रव्यांत दरिद्री. पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात कातळ तापतो. मोठ्या वृक्षांच्या मुळांना येथे आधार नाही. म्हणून तेरडा, गेंद यांसारख्या अल्पायुषी वनस्पती चार महिन्यांत आपले जीवनचक्र पुरे करतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती तर मातीत न मिळणारा नत्र सूक्ष्म जीव व कीटक पकडून मिळवितात. अशा वैशिष्ट्यांमुळेच कासचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारसास्थळांत झाला.

संशोधक या नकाशाचा उपयोग पद्धतशीरपणे करतात. समान उंचीचे आणि समान पावसाचे दोन सडे, एक जांभ्याचा व दुसरा बेसाल्टचा, नकाशावरून निवडून दोहोंवरील वनस्पतींची तुलना करता येते. मग आढळणारा फरक पावसामुळे आहे की खडकामुळे, हे अधिक खात्रीने सांगता येते. पाण्याच्या अभ्यासातही हेच घडते. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे जांभ्याची सीमारेषा जेथे उताराला छेदते, तेथे झऱ्यांचा शोध घेणे सोपे जाते.

या साधनास मर्यादाही आहेत. ५०,००० पटींनी लहान केलेल्या नकाशावर शंभर मीटर रुंदीचा पट्टा अवघा दोन मिलिमीटरचा होतो. सड्यावरील लहान डबकी आणि मातीचे कप्पे त्यात दिसत नाहीत. कोठे पाहावे हे नकाशा सुचवितो. प्रत्यक्ष पाहण्याचे कष्ट अभ्यासकालाच घ्यावे लागतात. शिवाय तोच नकाशा खाणमालकालाही उपयोगी पडतो, कारण जांभ्यातच बॉक्साइट सापडते. ज्ञानाचा उपयोग कशासाठी करावा, हा विवेक माणसाचाच.

सड्यावर खड्डे घेऊन बाहेरची माती भरली आणि झाडे लावली, तर ती बहुधा जगणार नाहीत. आणि जगलीच, तर त्यांच्या सावलीत मूळची फुले नाहीशी होतील. उपकाराच्या भावनेने केलेले कृत्य असंख्य लहान जीवांचे घर मोडणारे ठरेल. तीच रोपे पायथ्याच्या खोल मातीत लावली, तर स्थानिक वृक्ष सुखाने वाढतील. या वर्षी रोपांची मागणी नोंदविण्यापूर्वी आपल्या तालुक्याचा भूवैज्ञानिक नकाशा एकदा पाहावा, जाणकारास सोबत घेऊन जागेवर जावे आणि मगच कुदळ हाती घ्यावी.