डबल कॅसेट डेक भंगारात देण्याआधी



दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून हमखास खाली येते ती वस्तू म्हणजे डबल कॅसेट डेक. सोबत बुटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी. मुले विचारतात, "हे अजून कशाला ठेवलंय?" आणि भंगारवाला तर दारात उभाच असतो. माझे मत विचाराल तर डेक देऊ नका. निदान त्याचे काम पुरे होईपर्यंत तरी नको.

मी हे गाण्यांसाठी म्हणत नाही. विकत घेतलेल्या कॅसेटींतली बहुतेक गाणी, आरत्या, स्तवने आज मोबाईलवर सापडतात. त्यांच्यासाठी एवढे धूड सांभाळायचे कारण नाही. प्रश्न आहे घरी भरलेल्या कॅसेटींचा. त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

फिलिप्सने ही कॅसेट १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती घरोघर पोचली आणि सोबत लाल बटणाचे रेकॉर्डिंगही आले. बारसे, डोहाळजेवण, पारण्याच्या दिवशीची गाणी, परगावच्या लेकीला पाठवलेला निरोप, सगळे त्यात भरले गेले. दोन कप्प्यांचा डेक ज्यांच्याकडे असे, त्यांच्याकडे शेजारपाजारच्या बायका कोरी कॅसेट घेऊन यायच्या. एका कप्प्यात मूळ, दुसऱ्यात कोरी. साठ मिनिटांच्या कॅसेटला बाजू उलटायला अर्ध्या तासाने उठायचे!

आता जरा विचार करा. घराची कागदपत्रे, दुकानाच्या वह्या, सातबारा, सगळीकडे नावे पुरुषांची. आपल्या आज्या-सासवांनी लिहून ठेवलेले फार थोडे. त्यांच्याकडे होता तो गळा. माझ्या सासूबाईंच्या एका कॅसेटमध्ये पाळणा चालू असताना कुकरची शिट्टी होते आणि त्या गाता गाता मधेच "गॅस बारीक कर गं" म्हणतात. आज त्या नाहीत. फोटोत त्या गप्प बसलेल्या दिसतात, कॅसेटमध्ये मात्र घर चालवताना ऐकू येतात.

कुणी म्हणेल, आपण अपरिग्रह मानणारे, मग जुनी यंत्रे का साठवायची? रास्त प्रश्न आहे. पण अपरिग्रह म्हणजे न पाहता टाकून देणे नव्हे. बाजारच्या कॅसेटी खुशाल काढा. घरच्या तेवढ्या वेगळ्या ठेवा. आणि प्रत्येकीने डेक बाळगायलाच हवा असेही नाही. दहा घरांत मिळून एक चालता डेक पुरे. ज्या घरी असेल तिने तो द्यावा, बाकीच्यांनी आळीपाळीने वापरावा. काम संपले की तोही जाऊ द्या.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. डेकमधले रबरी पट्टे वर्षानुवर्षे पडून राहिले की सैल पडतात किंवा चिकट होतात. दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट दिसली तर तिला लगेच वाजवू नका, बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटींत जाते. ती जाणकाराला दाखवा.

बाकीच्यांचे काम अवघड नाही. आधी कॅसेटच्या मागच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून हेड पुसा, ते वाळू द्या. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या. दोन्ही कप्पे एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर वाजवून बघा, स्वच्छ आवाज येईल तो वापरा. मग डेकच्या 'लाइन आउट'मधून वायर संगणकाला जोडून, ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये आवाज भरून घ्या. कॅसेटवरून कॅसेटवर प्रत काढू नका. दर प्रतीला खरखर वाढते, आणि दुप्पट वेगाने काढली तर बारीक स्वर आणखी दबतात.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटेच लागतात, तिथे घाई चालत नाही. पण भाजी निवडता निवडता हे होते. फाइलला नाव देताना कोण गाते आहे, कुठल्या प्रसंगी, कुठल्या साली, हे लिहा. आवाज ओळखणाऱ्या आत्या, मावशी आज आहेत. त्यांना शेजारी बसवूनच हे काम करा.

या दिवाळीला माळा झाडाल तेव्हा खोक्यातली प्रत्येक कॅसेट हातात घेऊन तिच्यावरची चिठ्ठी वाचा. ज्यांवर घरातल्या कुणाचे अक्षर असेल, त्या बाजूला काढा.