कोळ्याची पारख

‘कोळी’ हा एकच शब्द शेतावर दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो, आणि या नामसाम्याची किंमत पिकाला मोजावी लागते. वांगी, भेंडी यांच्या पानांखाली राहून रस शोषणारा लाल कोळी ही कीड होय. त्याच झाडावर झेप घेऊन तुडतुड्यांसारखे किडे पकडणारा कोळी मात्र शेतकऱ्याचा साहाय्यक आहे. शत्रू व मित्र यांवर एकच फवारा पडू द्यावयाचा नसेल, तर फवारणीपूर्वी भिंग हाती घेतले पाहिजे.

दोघांनाही आठ पाय असल्याने केवळ पाय मोजून भागत नाही. लाल कोळ्याचे शरीर एकसंध, लंबगोल व जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. खऱ्या कोळ्याचे शरीर बारीक कमरेने दोन भागांत विभागलेले असते. उडी मारणाऱ्या कोळ्याची खूण त्याच्या डोळ्यांत आहे. आठांपैकी चार डोळे समोर असून त्यांतील मधले दोन मोटारीच्या दिव्यांप्रमाणे ठळक दिसतात. जमिनीवर धावणाऱ्या लांडगा कोळ्याचे पुढील चार डोळे बारीक असतात व मोठे दोन त्यांच्या वर असतात. उडी मारणाऱ्या कोळ्यांपैकी काही हुबेहूब मुंगीसारखे दिसतात व पुढचे पाय मिशांप्रमाणे हालवतात. तेथे मात्र पाय मोजावेत. मुंगीला सहाच असतात.

या कुळात जगभर सहा हजारांहून अधिक जाती आहेत. नेमकी जात ठरविण्यास बहुधा प्रौढ कोळ्याची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासावी लागतात. ते काम तज्ज्ञांचे आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास कुळ ओळखता आले तरी पुरेसे आहे.

कोळी मधमाशीसही पकडतो आणि वाढलेली कीड एकट्याने आवरू शकत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु सरसकट फवारणीने हा पहारेकरी मेला की उरलेली कीड निर्धास्तपणे वाढते. भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा असाच अनुभव आल्यावर इंडोनेशियाने १९८६ साली त्या पिकावरील ५७ कीटकनाशकांच्या वापरास मनाई केली.

म्हणून पीक पाहणीच्या वहीत किडींच्या रकान्याशेजारी कोळ्यांचाही रकाना असावा. दोन्ही आकडे पाहूनच फवारणीचा सल्ला द्यावा, हेच शेतकऱ्याच्या हिताचे आहे.